बुडत्या वाटीचा वंश

पौषातली रात्र होती. वाशीम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यात आमचं वावर आहे. हरभरा फुलोऱ्याच्या तोंडावर आला होता आणि त्या आठवड्यात शेतीची लाईन रात्रीची होती. स्प्रिंकलर एका जागी अडीच तास चालवायचा, मग मोटर बंद करून पाइपा पुढच्या पट्ट्यात न्यायच्या, असं आमचं गणित. पुतण्या अमरावतीला कॉम्प्युटर शिकतो. सुट्टीत आला तेव्हा त्याने स्वतः तयार केलेलं एक छोटं अ‍ॅप माझ्या फोनमध्ये घालून दिलं होतं. बटण दाबलं की अडीच तास उलटे मोजले जातात, शून्य आलं की फोन ओरडतो. रात्री अकराला मोटर सुरू केली, बटण दाबलं, फोन बाजेवर ठेवला आणि डोळा लागला. जाग आली ती पहाटेच्या थंडीने. फोन उघडला तर आकडा दाखवत होता: दोन तास चोवीस मिनिटं शिल्लक. मोटर चालूच होती. खालच्या अंगाला पाणी साचलं होतं, आणि काळ्या रानात साचलेलं पाणी हरभऱ्याला सोसत नाही. तो पट्टा पुढे पिवळा पडला.

पुतण्याला फोन केला. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, ‘काका, फोन झोपला, त्याच्यासंगं अ‍ॅपही झोपलं. मोजणारं कोणी जागंच नव्हतं.’

ते वाक्य माझ्या मनातून गेलं नाही. वेळ मोजायची तर कोणीतरी जागं राहिलं पाहिजे, ही अडचण मोबाइलने आणलेली नाही. ती फार जुनी आहे, आणि तिच्यावरचे उपायही जुने आहेत. ते उपाय शोधत मागे जाताना माझी वाट पुन्हा वाशीममधूनच गेली.

घटिकापात्र अजून काही घरांतल्या लग्नांत दिसतं. घंगाळात पाणी, त्यावर तरंगणारी तांब्याची पातळ वाटी, वाटीच्या तळाला बारीक छिद्र. छिद्रातून पाणी वर चढतं, वाटी भरते आणि बुडते. सूर्यसिद्धान्त या जुन्या ज्योतिषग्रंथात या यंत्राला कपाल म्हटलं आहे, आणि ते एका अहोरात्रात साठ वेळा बुडावं अशी अट आहे. म्हणजे एक बुडी चोवीस मिनिटांची. ती घटका. घटकेचा साठावा भाग पळ, म्हणजे चोवीस सेकंद.

या वाटीकडे नीट पाहिलं तर एक गोष्ट ध्यानात येते. भिंतीवरचं घड्याळ किती वाजले ते सांगतं. किती उरले ते आपल्याला वजाबाकी करून काढावं लागतं. वाटी उरलेलाच वेळ दाखवते. पाण्याच्या वर जेवढा काठ दिसतो, तेवढी घटका शिल्लक. काठ पाण्याला टेकला की संपली. उलटी मोजणी रॉकेटांच्या काळात जन्मली असं आपण समजतो, पण काटे असलेल्या घड्याळाच्या कितीतरी आधी आपण उलटीच मोजणी करत होतो. आपल्या भाषेला ते ठाऊक आहे. माणूस शेवटच्या घटका मोजतो असं म्हणताना आपण सरलेल्या घटका मोजत नाही, उरलेल्या मोजतो.

शब्दही तिथलेच. घड्याळ हा शब्द घटिकेतून आला. तास म्हणजे मुळात ठोके द्यायची धातूची थाळी. तिच्यावरून साठ मिनिटांनाच तास म्हणू लागले. गजर म्हणजे प्रहर भरल्यावर थाळीवर भराभर दिलेले ठोके. आज पहाटे उठवणाऱ्या आवाजाला आपण तेच नाव देतो. वाटी पाण्यात कधीच विरघळली, नावं फोनपर्यंत पोचली.

पण वाटी स्वतः ओरडत नाही. ती मुकाट बुडते. तिच्यापाशी कोणीतरी बसलेलं असावं लागतं: बुडताक्षणी तिला उचलणारं, रिकामी करून पुन्हा पाण्यावर सोडणारं, थाळीवर ठोका देणारं आणि कितवी बुडी ते लक्षात ठेवणारं. तो डुलकी घेईल तर सगळ्या गावाची वेळ डुलकी घेईल. बाबराने आपल्या आठवणींत हिंदुस्थानातल्या या लोकांचं वर्णन केलं आहे. मोठ्या शहरांत नेमलेले घडियाली, उंच टांगलेली दोन बोटं जाडीची पितळी थाळी, पाण्यात ठेवलेली वाटी. त्यात त्याने केलेल्या एका सुधारणेची नोंद आहे. आधी रात्री नुसत्या घटकांचे ठोके पडत, प्रहराचा आकडा प्रहर संपतानाच वाजे. मधेच जाग आलेल्या माणसाला तीन ठोके ऐकू येत, पण ते कोणत्या प्रहरातले हे कळायला मार्ग नसे. बाबराने हुकूम दिला की प्रत्येक वेळी घटकांच्या ठोक्यांनंतर थोडं थांबून प्रहराचा आकडाही वाजवावा. मला ही नोंद विलक्षण वाटते. मधूनच जागा झालेला माणूस आणि मधूनच उघडलेलं अ‍ॅप, दोघांचा प्रश्न एकच आहे: मी झोपलो होतो तेव्हा काय झालं, आणि आता आपण कुठे आहोत? त्याचं उत्तर झोपलेल्याच्या आठवणीत सापडणार नाही. ते बाहेर, जागं असलेल्या कोणाकडे तरी असलं पाहिजे.

दुसरी अडचण वाटीच्या मापाची. जुन्या ग्रंथांत ती बारकाईने दिली आहे: इतक्या वजनाचं तांबं, इतकी अंगुळं उंची, छिद्र पाडायला इतक्या वजनाच्या सोन्याची इतकी लांब सळई. त्या मापाबरहुकूम केलेली वाटी नेमकी चोवीस मिनिटांनी बुडेलच याची शाश्वती नाही. थंड पाणी दाटसर, ते बारीक छिद्रातून सावकाश चढतं. गरम पाणी लवकर चढतं. पौषातली घटका आणि वैशाखातली घटका एका वाटीतून सारखी निघणार नाही.

इथे भास्कराचार्यांनी जे केलं ते मला या सगळ्या मागोव्यातलं सर्वांत मोठं पाऊल वाटतं. 1114 सालचा जन्म, 1150 साली सिद्धान्तशिरोमणी. त्यातल्या यंत्राध्यायात ते ही वजनामापांची यादी बाजूला ठेवतात. अर्ध्या घड्याच्या आकाराची तांब्याची वाटी करा, तळाला छिद्र पाडा, एका अहोरात्रात ती किती वेळा बुडते ते मोजा आणि त्या संख्येने अहोरात्राला भागा. येईल तो त्या वाटीच्या एका बुडीचा काळ. वाटी कशीही असो. वाटीने वेळ ठरवायची नाही, सूर्याने ठरवायची. वाटी नुसती मधल्या वेळेची साक्षीदार. चाळीसगावजवळच्या पाटण्याला ज्यांच्या नातवाने त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याचा शिलालेख आहे, ते हे भास्कराचार्य. त्यांच्या या एका श्लोकात पुतण्याच्या अ‍ॅपची दुरुस्ती होती. आम्हाला ती वाचायला शेताचा एक पट्टा द्यावा लागला.

त्यांच्याच नावाशी जोडलेली लीलावतीची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. मुलीच्या लग्नाचा एकच शुभ क्षण होता. भास्कराचार्यांनी वाटी पाण्यावर ठेवली. लीलावती कुतूहलाने वाकून पाहत असताना तिच्या अलंकारातला एक मोती वाटीत पडला, छिद्र बुजलं, वाटी बुडलीच नाही आणि क्षण निघून गेला. ही गोष्ट भास्कराचार्यांच्या ग्रंथात नाही. अकबराच्या दरबारातल्या फैजीने 1587 साली लीलावती याच नावाच्या त्यांच्या ग्रंथाचं फारसी भाषांतर केलं, त्याच्या प्रस्तावनेत ती आली. इतिहास म्हणून तिच्यावर भार देता येत नाही, पण ती रचणाऱ्याला यंत्राचं दुखणं अचूक कळलं होतं. वाटी फुटली असती, उलटली असती तर कोणाच्याही लक्षात आलं असतं. ती तरंगत राहिली. पाहणाऱ्याला वाटलं, अजून वेळ आहे. बाजेवरचा माझा फोनही पहाटे तेच सांगत होता.

गोरज मुहूर्ताचं महत्त्व मला त्या पहाटेपासून नव्याने कळलं. गायी रानातून परततात आणि धूळ उडते, तो क्षण. त्याला वाटी नको, घडियाली नको. तो सगळ्या गावाला एकदम दिसतो.

आता वाशीम. हे गाव म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. अजिंठ्याच्या लेण्यांना ज्याच्या काळात बहर आला तो हरिषेण याच शाखेतला. राजशेखराच्या काव्यमीमांसेत काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचं लग्नही वत्सगुल्मातच लागतं. आणि सातव्या शतकातले पहिले भास्कर, जे लीलावतीवाल्या भास्कराचार्यांहून पाचशे वर्षांनी थोरले, ते आपल्या महाभास्करीयात लंकेपासून मेरूपर्यंत जाणाऱ्या मध्यरेखेवरच्या गावांची यादी देतात, तेव्हा अवंतीच्या अलीकडे वत्सगुल्माचं नाव घेतात, आणि तेही समृद्ध नगर म्हणून. ग्रीनिचच्या रेषेला जे स्थान 1884 साली वॉशिंग्टनच्या परिषदेने दिलं, ते स्थान आपल्या ज्योतिषात या रेषेला होतं. वाशीममध्ये मध्यमेश्वराचं मंदिर आहे. ती रेषा तिथूनच जाते असं गावात आजही सांगतात.

रेषा हवी कशाला? तर वाटीसाठी. घटका सूर्योदयापासून मोजायच्या, आणि सूर्य सगळीकडे एका वेळी उगवत नाही. रेषेच्या पूर्वेला आधी, पश्चिमेला नंतर. पंचांगाचं गणित रेषेवरच्या गावाचं. आपल्या गावासाठी त्यात अंतराप्रमाणे घटका-पळं मिळवायची किंवा वजा करायची. अंतर काढायची रीत सूर्यसिद्धान्तात आहे: चंद्रग्रहण गणिताने रेषेवर कधी दिसायला हवं ते काढा, आपल्या गावात कधी दिसलं ते घटिकापात्रावर पाहा, दोन्हींतला फरक म्हणजे तुमचं रेषेपासूनचं अंतर. एक वाटी, एक ग्रहण आणि रात्रभर जागलेला एक माणूस, एवढ्यावर देश मोजला जात होता. आजच्या नकाशावर उज्जैन आणि वाशीम एका रेषेत येत नाहीत. वाशीम सुमारे सव्वा ते दीड अंश पूर्वेला आहे. वेळेत हा फरक साडेपाच मिनिटांच्या आत, तेरा-चौदा पळांचा. वाटीच्या घटकेचा हा पाव भागही नाही. सुमारे चौदाशे वर्षांपूर्वीच्या कामाला मी याहून जास्त काय मागू?

1 जानेवारी 1906 पासून सरकारी वेळ साडेब्याऐंशी अंशांच्या रेखांशाला बांधली गेली. ती रेषा वाशीमपासून बरीच पूर्वेला आहे, त्यामुळे वाशीमचा सूर्य फोनवरच्या वेळेपेक्षा साधारण साडेएकवीस मिनिटं मागे चालतो. जवळजवळ एक घटका. जी रेषा गावातून जात होती तिथून आम्ही एक घटका मागे आलो.

वाटीनंतरच्या काही पायऱ्या मी भराभर उतरतो. समुद्रावर वाळूची घड्याळं आली, स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या आल्या. फ्रिट्झ लांग या दिग्दर्शकाने 1929 च्या आपल्या जर्मन मूकपटात चंद्रावर निघालेल्या रॉकेटाआधी आकडे उलटे मोजून दाखवले. सुलटे मोजले असते तर कुठे थांबणार हे प्रेक्षकाला कळलं नसतं. तीच रीत पुढे खऱ्या प्रक्षेपणांना लागली आणि श्रीहरिकोट्याच्या उलट्या मोजणीने आपल्या घराघरांत आली.

यंत्राच्या पोटात मात्र उलटी मोजणी रंगमंचासाठी आली नाही, गरज म्हणून आली. 1981 साली आयबीएमचा पीसी निघाला. त्यात इंटेलची 8253 नावाची एक चिप होती. तिच्यात 65536 हा आकडा भरायचा. ती सेकंदाला सुमारे 11 लाख 93 हजार वेळा त्यातून एकेक वजा करायची आणि शून्य झालं की प्रोसेसरच्या पाठीवर थाप मारून पुन्हा भरलेल्या आकड्यापासून सुरू व्हायची. अशा थापा सेकंदाला अठराच्या वर पडत. भरणं, रिकामं होणं, ठोका आणि पुन्हा भरणं. वाटी आणि घडियाली एकाच चिपमध्ये येऊन बसले.

आजच्या फोनमध्ये ही वाटी क्वार्ट्झच्या बारीक स्फटिकाची आहे. तो सेकंदाला 32768 वेळा थरथरतो. आकडा विचित्र दिसतो, पण त्याला पंधरा वेळा निम्मं केलं की बरोबर एक उरतो, म्हणजे एक सेकंद. फोनचा पडदा काळा झाला, प्रोसेसर निजला, तरी हे एवढंसं घड्याळ जागं असतं, कारण त्याला लागणारी वीज नगण्य. त्यालाही हवामान बाधतं. साधारण पंचवीस अंशांवर ते नीट चालतं. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिसावर जातो तेव्हा असा स्फटिक दिवसाला सेकंदभर मागे पडू शकतो. मग फोन नेटवर्ककडे वेळ विचारून आपली चूक सुधारतो. भास्कराचार्य सूर्याला विचारत होते.

आता पुतण्याच्या अ‍ॅपकडे येता येईल. त्याने लिहिलं होतं ते असं: दर सेकंदाला आकड्यातून एक वजा कर, पडद्यावर दाखव. दिसायला ते बरोबर आहे, आणि अ‍ॅप समोर उघडं असेतोवर चालतंही. पण ही वाटीपाशी बसलेल्या माणसाची रीत आहे. पडदा मिटला की फोन अ‍ॅपला मागे सारतो आणि थोड्या वेळाने त्याचं काम थांबवतो. फोनमध्ये पाच-पन्नास अ‍ॅप असतात. प्रत्येकाने दर सेकंदाला प्रोसेसरला उठवलं तर बॅटरी रात्रभर पुरणार नाही. आयफोनने सुरुवातीला बाहेरच्या अ‍ॅपना मागे राहून काम करायची मुभाच दिली नव्हती. ती 2010 साली आयओएस 4 मध्ये मिळाली, तीही मोजकी. अँड्रॉइडने आधी मोकळीक दिली आणि मग दर पावलाला आवळत नेली. 2013 साली किटकॅट या आवृत्तीपासून अ‍ॅपने मागितलेले गजर आपल्या सोयीने एकत्र करून वाजवायला सुरुवात केली, म्हणजे एकदा उठलं की चार कामं उरकायची. 2015 च्या मार्शमेलोमध्ये डोझ आलं: फोन चार्जरला नाही, पडदा बंद, हालचाल नाही, अशा स्थितीत काही वेळ गेला की सगळी अ‍ॅप निजवायची. 2021 च्या अँड्रॉइड 12 पासून नेमक्या वेळी गजर हवा असेल तर त्याची वेगळी परवानगी लागू लागली.

चार्जरला नाही, पडदा बंद, हालचाल नाही. बाजेवर पडलेल्या माझ्या फोनचंच हे वर्णन आहे. रात्री वावरात झोपलेल्या माणसाचा फोन दुसऱ्या कोणत्या स्थितीत असणार?

ही गत वावरापुरती नाही. सेवा केंद्रावर पीक विम्याचा अर्ज भरताना ओटीपीसाठी पडद्यावर आकडे उलटे पळत असतात. म्हातारा माणूस ओटीपी पाहायला मेसेजमध्ये जातो, परत येतो, तर आकडा तिथेच गोठलेला किंवा पुन्हा पहिल्यापासून सुरू. खरी मुदत तिकडे संपलेली असते. तो बिचारा आपल्यालाच दोष देतो की आपल्याला फोन वापरता येत नाही. दोष त्याचा नाही. छिद्रात मोती अडकलेली वाटी त्याच्यापुढे ठेवली आहे. हे अ‍ॅप लिहिणाऱ्याने दुरुस्त करायचं असतं, आणि दुरुस्ती अवघड नाही, म्हणून मला त्याचा जास्त राग येतो.

पुतण्या शिमग्याला आला तेव्हा आम्ही दोघे ओसरीवर बसलो आणि त्याने मला ती समजावून सांगितली. बटण दाबताच सेकंद मोजायला लागायचं नाही. फोन सुरू झाल्यापासून किती वेळ गेला याची नोंद ते जागं घड्याळ ठेवतंच. तो आकडा घ्यायचा, त्यात अडीच तास मिळवायचे आणि संपायचा क्षण लिहून ठेवायचा. मग अ‍ॅप खुशाल झोपू दे. उघडलं की संपायच्या क्षणातून आत्ताचा क्षण वजा करायचा; शिल्लक आपोआप बरोबर येते, मधे कोणी मोजलं नसलं तरी.

‘मग पडद्यावर सेकंद पळताना दिसतात ते?’ मी विचारलं.

‘ते पाहणाऱ्यासाठी, काका. पाहणारा नसला तर पळायची गरज काय?’

उठवायचं काम अ‍ॅपने स्वतःकडे ठेवायचं नाही, ते फोनच्या मूळ यंत्रणेच्या हवाली करायचं: अमुक क्षणी, झोपेत असलास तरी, मला उठव. त्यासाठी ती नेमक्या गजराची परवानगी वापरणाऱ्याकडून मागून घ्यायची. फोन मधेच बंद होऊन सुरू झाला तर असे सोपवलेले गजर पुसले जातात आणि सुरू झाल्यापासूनची मोजणीही शून्यावर येते. म्हणून संपायची घड्याळी वेळही जोडीला लिहून ठेवायची आणि फोन उठताच गजर पुन्हा लावायचा. मी त्याला बाबराचा हुकूम सांगितला, घटकांमागून प्रहर वाजवायचा. तो हसला नाही. वहीत लिहून घेतलं.

यंदा पौषात पुन्हा रात्रीची लाईन आली. अकरा वाजता मोटर सुरू केली, बटण दाबलं. फोन मुद्दाम बाजेवर ठेवला, चार्जरला न लावता, उताणा, हात न लावता. झोप लागली. दीड वाजता तो ओरडला. उठून डीपीकडच्या बाजूने गेलो, मोटर बंद केली. धुऱ्यावर दव पडलं होतं आणि पाइपा हाताला बर्फासारख्या लागत होत्या. आठ पाइपा खांद्यावरून पुढच्या पट्ट्यात नेल्या, नोझल सरळ केले, मोटर सुरू केली. पाणी पुन्हा फिरायला लागल्यावर बटण दाबलं: दोन तास तीस मिनिटं.